नाताळ बाजारासाठी स्वयंपाकघरातील वस्तू कशा निवडाव्यात?



आगमनकाळ जवळ आला की चर्चच्या आवारात नाताळ बाजार भरवण्याची बोलणी सुरू होतात. केक, फराळाचे पदार्थ, मेणबत्त्या, तारे आणि गव्हाणीचे साहित्य यांच्या जोडीला एक टेबल स्वयंपाकघरातील वस्तूंचे असावे, असे अनेक भगिनींना वाटते. कल्पना चांगली आहे. केक खाऊन संपतो, तारा जानेवारीत माळ्यावर जातो. चांगले उलथने मात्र रोज दोन्ही वेळा हाती येते.

परंतु या टेबलावर काय ठेवायचे हे नीट ठरवले नाही, तर दोन प्रकारचे नुकसान होते. एक म्हणजे माल उरतो आणि गरजूंसाठी जमवायचा पैसा त्यात अडकून पडतो. दुसरे म्हणजे माल खपतो, पण महिनाभरात वाकतो किंवा गंजतो आणि घेणारी मनात म्हणते, "चर्चचे म्हणून घेतले." हे दुसरे नुकसान अधिक मोठे आहे. पैसा पुढच्या वर्षी भरून निघेल, गेलेला विश्वास लवकर परत येत नाही. म्हणून या रविवारी आपण हा विषय थोडा अभ्यासू या.

१. घेणारी कोण आहे?

आपल्या सोलापुरात अनेक घरे यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात किंवा विड्या वळून चालतात. विडी कामगार भगिनीला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिच्या हातात सणासाठी किती पैसे उरतात, याचा विचार करून टेबल मांडावे. तिला नुसते पाहून पुढे जावे लागू नये, तिनेही मान ताठ ठेवून काहीतरी विकत घ्यावे.

यासाठी एक साधा नियम ठेवता येईल. टेबलावरील निम्म्या वस्तू ५० रुपयांच्या आत असाव्यात. उरलेल्यांपैकी बहुतेक ५० ते १५० रुपयांच्या आणि अगदी थोड्या ३०० रुपयांपर्यंतच्या असाव्यात. त्याहून महाग वस्तू दुकानातच घेतलेली बरी. तिथे निवड जास्त मिळते आणि बदलूनही मिळते.

स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे. माप लहान करणाऱ्या आणि गरिबांच्या माथी धान्याचा भुसा मारणाऱ्या व्यापाऱ्यांना संदेष्टा आमोसने खडसावले होते (अध्याय ८). चांगल्या कामासाठी पैसे जमवायचे आहेत म्हणून हलका माल खपवणे आपल्याला शोभणार नाही.

२. आपल्या स्वयंपाकघराला काय लागते?

दुसऱ्या शहरातील यादी आपल्याला उपयोगी नाही. आपल्याकडे ज्वारीची भाकरी रोजची आहे, शेंगांची चटणी रोजची आहे. म्हणून उलथने, चिमटा, पकड, चहाची गाळणी, किसणी, सोलाणे, पळी, झारा, पोळपाट-लाटणे, लहान खलबत्ता आणि लोखंडी तवा या वस्तूंना कायम मागणी असते. नाताळच्या फराळासाठी करंजी-शंकरपाळीचे कातणे आणि चकलीचा सोऱ्या यांची त्यात भर घालावी.

सोलापूरची खरी देणगी मात्र कापडाची आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्याच शहरात विणलेले हात पुसायचे नॅपकिन आणि भाकरी गुंडाळायचे सुती रुमाल स्वस्त पडतात आणि त्यांचा पैसा इथल्याच कामगाराच्या घरी जातो. कारखान्यातून 'सेकंड'चा माल घेतला, तर तशी चिठ्ठी त्यावर जरूर लावावी.

३. हाताने पारख कशी करावी?

घाऊक दुकानात गेल्यावर डझनातील एकच नग पाहून समाधान मानू नये. पुढील गोष्टी करून पाहाव्यात:

पोळपाट सपाट फरशीवर ठेवून कडांवर दाबावा. तो डुगडुगता कामा नये. लाटणे टेबलावर गडगडत सोडावे. सरळ असेल तर ते उड्या न मारता जाते.

गाळणी उजेडासमोर धरावी. जाळी कडेला सुटलेली असेल तर लगेच दिसते.

झारा, पळी यांच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवावा. धागे अडकले तर कड धारदार आहे, हात कापेल. दांडा जिथे जोडला आहे तिथे जोर लावून पाहावा.

पकडीने पाणी भरलेले पातेले उचलून पाहावे. गरम आमटीचे पातेले हातातून निसटले तर काय होते, हे सांगायला नको.

नॅपकिनवर ओले पांढरे फडके घासावे; रंग लागला तर तो घेऊ नये. नवे टेरी कापड पहिल्या धुण्याआधी पाणी कमी शोषते, म्हणून एक नग धुऊन मगच मत बनवावे.

स्टीलला लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत आहे. चुंबक चिकटला की माल खोटा, असे समजले जाते. ते बरोबर नाही. चुंबकाला चिकटणारे स्टेनलेस स्टीलही भांड्यांसाठी वापरले जाते आणि न चिकटणारे सगळेच उत्तम नसते. उलट इंडक्शन शेगडीवर वापरायच्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटलाच पाहिजे. म्हणून भांडी घेताना आयएसआय चिन्ह, जाडी आणि जोड पाहावेत.

४. काय ठेवू नये?

प्रेशर कुकर आपल्या टेबलावर नको. २०२१ पासून घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि स्वस्तात मिळणारा बिनचिन्हाचा कुकर धोक्याचा आहे. हलक्या नॉनस्टिक तव्याचा थर किती टिकेल हे टेबलावर कळत नाही, म्हणून तोही टाळावा. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ करू नयेत. अशी भांडी न ठेवणेच बरे. ॲल्युमिनियमचे भांडे ठेवले, तर त्यात ताक किंवा चिंचेची आमटी साठवू नये, असे घेणारीला सांगावे. लोखंडी तव्यासोबत तो घासून, तेल लावून, तापवून कसा तयार करायचा, याची दोन ओळींची चिठ्ठी द्यावी.

५. किंमत कशी ठरवावी?

समजा, चहाच्या गाळण्या ३६० रुपये डझनाने मिळाल्या. दोन डझनांचे ७२० रुपये आणि रिक्षाचे ६० रुपये, असा ७८० रुपये खर्च झाला. एक नग साडेबत्तीस रुपयांना पडला. तो ४० रुपयांना विकला आणि सगळे २४ नग गेले, तर ९६० रुपये येतील. शिल्लक १८० रुपये. पण चार गाळण्या उरल्या, तर ८०० रुपयेच येतील आणि शिल्लक फक्त २० रुपये!

यावरून लक्षात येते की आपला फायदा किंमत वाढवण्यात नाही, माल न उरण्यात आहे. म्हणून एका वस्तूचे पाच डझन घेण्यापेक्षा पाच वस्तूंचा एकेक डझन घ्यावा. उरलेला, न वापरलेला माल परत घेण्याची बोली दुकानदाराशी आधीच करावी. वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून भांड्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या भावाने बिल लावले असेल तर विचारावे. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहावी. किंमत विचारायला संकोच वाटतो म्हणून अनेक भगिनी टेबलाजवळ येतच नाहीत.

६. बाजार कधी भरवावा?

आगमनकाळाचा दुसरा रविवार ४ ते १० डिसेंबरच्या दरम्यान येतो. तेव्हा अनेकांचा पगार हाती आलेला असतो आणि फराळ अजून व्हायचा असतो. सोऱ्या आणि कातणे तेव्हाच विकले जातात. २४ तारखेला त्यांना कोणी विचारत नाही.

काही माल उरलाच तर काळजी नको. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या हिंदू शेजारणी लहान घरगुती वस्तू वाण म्हणून डझनाने घेतात. त्यांना आधी विचारून ठेवावे. गड्ड्याच्या यात्रेत दुकाने लागण्यापूर्वीच हे केलेले बरे.

चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या वाडीतील किंवा पेठेतील पाच घरांना विचारा: स्वयंपाकघरात कोणती वस्तू मोडली आहे आणि नवी घ्यायची राहिली आहे?

२) ५० रुपयांच्या आतील कोणत्या दहा वस्तू आपण स्वतःच्या घरी आनंदाने वापरू?

३) घेतलेली वस्तू खराब निघाली, तर ती बदलून देण्याची जबाबदारी कोण घेईल?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय खरेदीला निघू नये. जी वस्तू आपण परत घ्यायला तयार आहोत, तीच टेबलावर ठेवू या.