काँक्रीटची धूळ आणि आपली छाती

सुगी संपली, भात घरात आले, की आपल्या बेळगाव-खानापूर भागातील पुष्कळ तरुण बांधकामाच्या कामावर जातात. शिवाय आता घरोघरीच काँक्रीट आले आहे. गोठ्याची जमीन, पाण्याची टाकी, विहिरीचा कठडा, सारे सिमेंटचे. मग कधी मोटारीच्या पाइपसाठी कोबा कापावा लागतो, कधी गोठ्यातले मूत वाहून जाण्यासाठी चर काढावी लागते. ग्राइंडर भाड्याने आणायचा, तोंडाला टॉवेल गुंडाळायचा आणि अर्ध्या तासात काम उरकायचे, अशी रीत पडली आहे. काम करणारा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होतो आणि पोरे हसतात. ही धूळ मळणीच्या धुळीसारखी वाटली, तरी तिची जात निराळी आहे. म्हणून तिच्याविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

धुळीत काय असते?

काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडी. वाळूत बहुधा गारगोटीचा मोठा अंश असतो आणि गारगोटी म्हणजे सिलिकाचे स्फटिक. गारगोटी हातात धरली तर काही अपाय नाही. परंतु वेगाने फिरणारे ब्लेड तिचा चुरा करते, तेव्हा धोका निर्माण होतो.

उफणणी आठवा. दाणा पायाशी पडतो, भुसा थोडा दूर जातो आणि बारीक कण वाऱ्यावर तरंगत राहतात. येथेही तसेच घडते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ लवकर खाली बसते. खरी घातक धूळ केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असते. ती दिसत नाही आणि बराच वेळ हवेत राहते. जाड कण नाकात व घशात अडकतात. हे कण मात्र थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात.

तेथे शरीर त्यांच्याशी झगडते, पण दगड काही पचत नाही. हळूहळू फुफ्फुसात गाठी व वण धरतात आणि ते कडक होत जाते. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बहुधा दहा-पंधरा वर्षांनी प्रकट होतो, परंतु धूळ फार असेल तर थोड्या वर्षांतच गाठतो. झालेले वण पुसून टाकणारे औषध नाही. ह्या धुळीमुळे क्षयाचा व फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो.

हे केवळ पुस्तकातले भय नव्हे. गुजरातेत गोध्रा परिसरात गारगोटी दळण्याचे कारखाने होते. झाबुआ, अलीराजपूरकडील आदिवासी शेतकरी शेतीचे काम नसताना तेथे मजुरीला जात. त्यांतील कित्येक जण धाप लागून तरुणपणीच गेले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. तीही आपल्यासारखीच शेतकरी माणसे होती.

काय करावे?

१. कोरडे कापू नये. ब्लेडवर सतत पाणी सोडणारे कटर मिळते, तेच भाड्याने मागावे. हाती धरायच्या कटरला मिनिटाला निदान अर्धा लिटर पाणी लागते. धूळ उठण्यापूर्वीच पाण्याने ती दाबली जाते. जमीन आधी भिजवून ठेवणे पुरेसे नाही, पाणी ब्लेडपाशीच पडले पाहिजे.

२. साध्या विजेच्या ग्राइंडरवर मात्र पाणी ओतू नये, शॉक बसून जीव जाईल. पाण्याचे कटर विजेवर चालणारे असेल, तर गळती होताच वीज तोडणारा स्विच जोडलेला असावा. असे यंत्र मिळत नसेल आणि काम थोडे असेल, तर कोबा ओला ठेवून छिन्नी-हातोड्याने फोडावा. वेळ लागेल, पण धूळ कितीतरी कमी उडेल.

३. काम उघड्यावर करावे आणि वारा पाठीशी घ्यावा. मुले, गरोदर बायका व गुरे दूर ठेवावीत.

४. टॉवेल, उपरणे किंवा पदर ही धूळ अडवीत नाही. पीठ चाळायच्या चाळणीने पाणी अडत नाही, तसेच ते. एन-९५ मास्क घ्यावा. त्याचे दोन्ही पट्टे बांधावेत आणि तो गालांना घट्ट बसतो की नाही ते पाहावे. दाढी वाढलेली असेल तर फटीतून धूळ शिरते. मास्क हा पाण्याला पर्याय नव्हे, जोड आहे.

५. काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नये, हवेने धूळ उडवू नये. ओला चिखल वाळण्यापूर्वीच भरून घ्यावा, वाळला की त्याची पुन्हा धूळ होते. तो ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. सिमेंटचे पाणी माशांना घातक असते आणि आपली कातडीही भाजते.

६. कामाचे कपडे घरात झटकू नयेत. भिजवून वेगळे धुवावेत, नाहीतर धुणारीच्या छातीत तीच धूळ जाते.

डॉक्टरांना काय सांगावे?

कोरडा खोकला हटत नसेल, चढ चढताना पूर्वीपेक्षा अधिक दम लागत असेल किंवा वजन उतरत असेल, तर छातीचा एक्स-रे काढावा. सिलिकोसिस व क्षय एक्स-रेत पुष्कळदा सारखे दिसतात. म्हणून आपण किती वर्षे दगड, काँक्रीट वा फरशी कापली, हे न विचारताही डॉक्टरांना सांगावे. थुंकीची तपासणीही करून घ्यावी. आणि विडी-सिगारेट सोडावी, कारण आधीच जखमी झालेल्या छातीवर ती दुसरा घाव घालते.

गोठ्यातली चर अर्ध्या तासाऐवजी दोन तासांत झाली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. आपल्या घरचा कोणी मुलगा ह्या कामावर जात असेल, तर हा मजकूर त्याला वाचून दाखवा. आणि ठेकेदाराकडे मजुरी ठरवतानाच पाण्याचे कटर व मास्क मागायला त्याला सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.