परफॉर्मन्स टेस्टिंग: सहज चाचणी की वेळापत्रकाची?

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला आणि निकालाची संकेतस्थळं कोलमडली. विद्यार्थी आणि पालक कित्येक तास ताटकळले. तारीख आधीच ठरलेली होती आणि विद्यार्थ्यांची संख्याही ठाऊक होती. अशी गर्दी प्रणालीला पेलेल का, हे आधी तपासण्याच्या कामाला परफॉर्मन्स टेस्टिंग म्हणतात.

रायपूरच्या गुढियारीत राहून मुलांना बीसीए किंवा इंजिनीअरिंगला घातलेल्या पालकांना एक शंका हमखास असते: टेस्टिंग म्हणजे कोडिंग न जमणाऱ्यांचं काम ना? अजिबात नाही. या कामाला कोडिंग, नेटवर्क, डेटाबेस आणि संख्याशास्त्र, सगळंच लागतं.

दोन पद्धती

सहज चाचणीत डेव्हलपर नवा कोड लिहिल्याबरोबर तो थोड्या भारावर, म्हणजे मोजक्या वापरकर्त्यांच्या गर्दीत, चालवून पाहतो. दहा मिनिटांत अंदाज येतो आणि ढोबळ चूक तिथेच सापडते. पण आज एका लॅपटॉपवर आणि उद्या दुसऱ्यावर घेतलेल्या आकड्यांची तुलना करता येत नाही.

वेळापत्रकाच्या चाचणीत तोच भार, तोच डेटा आणि तीच यंत्रणा ठेवून रोज रात्री किंवा प्रत्येक नव्या आवृत्तीआधी मोजमाप होतं. जेनकिन्ससारखं साधन ती आपोआप सुरू करतं. त्यामुळे वेग नेमका कुठल्या बदलानंतर घटला, हे कळतं. हळूहळू मेमरी खाणारा दोष दहा मिनिटांत दिसत नाही. त्यासाठी चाचणी तासन्‌तास चालवावी लागते.

गुढियारीतला घाऊक व्यापारी धान्य मुठीत घेऊन पारखतो, पण सौदा काट्यावरच करतो. इथेही तसंच आहे. शोध सहज चाचणीने घ्या, निर्णय वेळापत्रकाच्या चाचणीवर करा.

उशिरा केलेली चाचणी किती महागात पडते, हे अमेरिकेने पाहिलं. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेल्या हेल्थकेअर डॉट गव्ह या संकेतस्थळावर पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची विमा नोंदणी पूर्ण झाली. संपूर्ण प्रणालीची एकत्रित चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत घेतल्याचं कंत्राटदारांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं.

विद्यार्थ्यांनी काय शिकावं?

अपाचे जेमीटर हे भार टाकून पाहण्याचं साधन मोफत आहे, तिथून सुरुवात करा. मग के६ किंवा लोकस्ट ही तशीच साधनं शिका. सोबत लिनक्स, एसक्यूएल आणि पायथन किंवा जावास्क्रिप्ट हवंच. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर सॉफ्टवेअर टेस्टिंगचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. पुढे आयएसटीक्यूबी या सॉफ्टवेअर टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं फाउंडेशन प्रमाणपत्र आणि त्यानंतर परफॉर्मन्स टेस्टिंगचं स्वतंत्र प्रमाणपत्र घेता येतं.

सरासरीवर विसंबू नका. शंभरपैकी ९५ विनंत्यांना एक सेकंद आणि पाच विनंत्यांना वीस सेकंद लागले, तर सरासरी दोन सेकंदांहूनही कमी येते. त्या पाच जणांचा खोळंबा तिच्यात दिसत नाही. म्हणून अनुभवी टेस्टर ९५ वा आणि ९९ वा पर्सेंटाइल, म्हणजे ९५ किंवा ९९ टक्के विनंत्या किती वेळाच्या आत पूर्ण होतात, ते पाहतात.

एक सक्त सूचना: सराव स्वतःच्या संकेतस्थळावरच करा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरवर भार टाकून तो बंद पाडला, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली कारवाई होऊ शकते.

नोकरी निवडताना

मुलाखतीत तुम्हीही विचारा: चाचणी कधी होते, जुने निकाल जपून ठेवता का, वेग घसरला तर आवृत्ती रोखण्याचा अधिकार कोणाला आहे? उत्तर 'वेळ मिळाला तर करतो' असं आलं, तर तिथे शिस्त शिकायला मिळणं कठीण. पगारात थोडा फरक असला, तरी पहिली दोन वर्षं नियमित चाचणी होणाऱ्या ठिकाणी काढा.

पालकहो, मुलाला टेस्टिंगची वाट आवडली असेल तर तिला दुय्यम समजू नका. छत्तीसगडमध्ये धानखरेदीचं टोकनसुद्धा आता मोबाइल अ‍ॅपवरून मिळतं. ऐन हंगामात ते अ‍ॅप चालणं शेतकऱ्यासाठी किती मोलाचं आहे, हे तुम्ही जाणता. ते चालेल याची खात्री करणाऱ्या कामाला निर्धास्तपणे करिअर म्हणा.