संचालक मंडळ आणि मुख्य कार्यकारी अधिकारी : कोणी काय करावे?

सापगाव काय किंवा शहापूर-मुरबाडमधील इतर गावे काय, आपले मुख्य पीक भात. भात एकत्र विकावे, खत-बियाणे एकत्र आणावे, यासाठी शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. भागभांडवल जमते, गोदामही मिळते. पण पुष्कळदा गाडे अडते ते संचालक आणि अधिकारी यांचे न जुळल्यामुळे.

एक उदाहरण घेऊ. खरेदीच्या दिवशी एका संचालकाचे भात काट्यावर आले. ओलावा भरला 19 टक्के. आधारभूत किमतीच्या खरेदीत मर्यादा 17 टक्क्यांची आहे. संचालक म्हणाले, "आम्हीच तुम्हाला नेमले, भात घ्या." घेतले तर ओले भात गोदामात तापते, बुरशी धरते, शेजारची पोतीही बिघडतात, शिवाय रांगेतला प्रत्येक सभासद तीच सवलत मागतो. नाकारले तर अधिकाऱ्याला नोकरीची धास्ती. येथे दोष माणसांपेक्षा कामाची वाटणी न ठरवण्याचा आहे.

कंपनी कायदा 2013 नुसार उत्पादक कंपनीत साधारणतः 5 ते 15 संचालक असतात. मंडळाने पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमावा लागतो. तो सभासदांपैकी नसावा. मात्र तो पदसिद्ध संचालक असतो. त्यास पुढील पद्धत उपयोगी पडते.

1. ओलावा, दर व उधारी यांचे नियम मंडळाने हंगामापूर्वी ठराव करून लिहून ठेवावेत. त्यांची अंमलबजावणी अधिकाऱ्याने करावी.

2. संचालकाने आपले मत बैठकीत मांडावे. काट्यावर एकट्याने हुकूम देऊ नये. तक्रार असल्यास अध्यक्षांमार्फत कळवावी.

3. कायद्याने तीन महिन्यांतून किमान एक बैठक हवी. हंगामात दरमहा घ्यावी. खरेदी, विक्री, शिल्लक व येणे-देणे अधिकाऱ्याने एका कागदावर मांडावे. तोट्याची बातमी लपवू नये, सर्वांआधी सांगावी.

4. वर्षातून एकदा, आधी ठरवलेल्या उद्दिष्टांवरून अधिकाऱ्याच्या कामाचा आढावा घ्यावा. विश्वास ठेवणे म्हणजे हिशेब न तपासणे नव्हे.

गुजरातेत आणंद येथे 1946 साली खेडा जिल्हा दूध संघ स्थापन झाला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांनी गावोगावचे दूध उत्पादक जोडले, तर व्यवस्थापक डॉ. वर्गीस कुरियन यांनी डेअरीचा कारभार सांभाळला. अमूल उभे राहिले ते या दोघांच्या जोडीवर.

आपल्या उदाहरणातील संचालकांनी भात परत नेऊन खळ्यावर वाळवून आणले, तर रांगेतल्या सभासदांना नियम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून यंदा कापणीला विळा लावण्यापूर्वी एक बैठक घ्या आणि कोणाचे काम कोणते, ते ठरावाच्या वहीत लिहून घ्या.