नवे संशोधन : प्रयोगशाळेपासून आपल्या घरापर्यंत

वर्तमानपत्र उघडले की आठवड्यातून एकदा तरी 'अमुक रोगावर रामबाण औषध सापडले', 'शास्त्रज्ञांनी विश्वाचे रहस्य उलगडले' अशा मथळ्याची बातमी दिसते. आपण ती वाचतो, क्षणभर आनंदतो आणि पान उलटतो. त्या शोधाचे पुढे काय झाले, तो कोणाला मिळाला, आपल्या घराशी त्याचा काही संबंध आहे काय, हे प्रश्न बहुधा मनात येत नाहीत. प्रस्तुत लेखात आम्ही अलीकडच्या काळातील चार संशोधनांचा परिचय करून देणार आहोत. त्यांपैकी तीन वैद्यकशास्त्रातील व एक भौतिकशास्त्रातील आहे. संशोधन प्रयोगशाळेत जन्मते खरे, परंतु सामान्य माणसाच्या जीवनात ते उपयोगी पडते तेव्हाच पूर्ण होते. त्या अखेरच्या टप्प्यात तुमचा-आमचाही वाटा आहे, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू होय.

१. सिकलसेल : एका अक्षराची चूक आणि तिची दुरुस्ती

विदर्भातील वाचकांना सिकलसेल हे नाव नवीन नाही. गोंड, माडिया, परधान आदी आदिवासी समाजांत, तसेच बौद्ध व अन्य काही समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. खानदेशात नंदुरबारकडील भिल्ल व पावरा समाजांतही तो आहे. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 1958 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे या आजाराची नोंद आपल्या भागात साठ वर्षांहून अधिक काळ आहे.

आजार होतो कसा? आपल्या तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. त्यातील एका साखळीत 146 घटक ओळीने जोडलेले असतात. सिकलसेलमध्ये त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हा घटक येतो. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील फरकामुळे होतो हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले. नेमका कोणता घटक बदलतो हे पुढे काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधून काढले. एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू कमी झाला की पेशी ताठर होऊन विळ्याच्या आकाराची बनते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातापायांत, छातीत, पाठीत असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, विळ्यासारखी पेशी मात्र दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रुग्णाच्या अंगात रक्त कमी राहते, डोळे पिवळे दिसतात आणि जंतुसंसर्ग लवकर होतो.

हा दोष आपल्याकडेच का, असे काही जण खिन्नपणे विचारतात. त्याचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. ज्याच्याकडे हे जनुक एकाच पालकाकडून आलेले असते, त्याला मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा जोर होता, तेथे हे जनुक टिकून राहिले. हा कोणत्याही जातीचा कमीपणा नव्हे आणि कोणाच्या कर्माचे फळही नव्हे. पूर्वजांनी ज्या परिस्थितीत तग धरला तिची ती खूण आहे.

आता नव्या संशोधनाकडे वळू. जनुकातील ठरावीक जागी कात्रीप्रमाणे काप घेणारे 'क्रिस्पर' तंत्र इमॅन्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांनी 2012 मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना 2020 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रावर आधारलेल्या 'कॅसजेव्ही' या उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. त्यामागील कल्पना मोठी सुंदर आहे. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्याचे उत्पादन जवळजवळ बंद करते. शास्त्रज्ञांनी रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढल्या, उत्पादन बंद करणारी ती जनुकीय कळ निकामी केली आणि पेशी पुन्हा शरीरात सोडल्या. चाचणीत ज्या 31 रुग्णांवर पुरेसा काळ लक्ष ठेवता आले, त्यांपैकी 29 जणांना सलग किमान एक वर्ष वेदनेचा गंभीर झटका आला नाही.

हे यश थोर आहे, यात शंका नाही. परंतु अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर ठेवली गेली, आणि पेशी परत सोडण्यापूर्वी रुग्णाला कर्करोगात वापरतात तसली तीव्र औषधे द्यावी लागतात. गडचिरोलीच्या खेड्यातील आईला ही बातमी ऐकून आज काय मिळणार? म्हणून त्याच आजारावरील साधी संशोधनेही आपण जाणून घेतली पाहिजेत. 1986 मध्ये अमेरिकेतील चाचणीत दिसले की, लहान रुग्णांना रोज पेनिसिलिन दिल्यास जीवघेणा जंतुसंसर्ग फार मोठ्या प्रमाणात टळतो. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. ही औषधे तुलनेने स्वस्त आहेत. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नियमितपणे घ्यावी लागतात.

सर्वांत स्वस्त उपाय आहे तो रक्ततपासणीचा. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीत 'एएस' आल्यास ती व्यक्ती वाहक असते, 'एसएस' आल्यास रुग्ण असते. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तो सर्वसामान्य आयुष्य जगतो. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के व पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के असते. 'पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन ठीक होतील' असा हिशेब काही जण करतात, तो चुकीचा आहे. शक्यता दर वेळी नव्याने तेवढीच असते. जोडीदारांपैकी एक वाहक आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर त्यांची मुले या आजाराची रुग्ण होत नाहीत.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. मुलीचा अहवाल 'एएस' आला म्हणून ठरलेली सोयरीक मोडते, आणि मुलाची तपासणी मात्र कोणी करीतच नाही. मग भीतीपोटी मुलीचे आईवडील अहवाल लपवतात. विज्ञानाने दिलेल्या माहितीचा हा सरळसरळ दुरुपयोग होय. तपासणी दोघांचीही व्हावी, ती सोयरिकीची बोलणी सुरू होण्याआधी, शक्य तर महाविद्यालयीन वयातच व्हावी आणि अहवाल हा कलंक न मानता माहिती मानावी.

२. क्षयरोग : औषधाइतकेच अन्नही

दुसरे संशोधन झारखंडमधील आहे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये शोधला, प्रभावी औषधे विसाव्या शतकाच्या मध्यापासून मिळू लागली, तरी हा रोग गरिबाचे घर सोडीत नाही. कुपोषित शरीर जंतूशी झुंजू शकत नाही हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण अन्न दिल्याने क्षय खरोखर टळतो काय, हे मोठ्या चाचणीने सिद्ध व्हायचे होते.

डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमधील चार जिल्ह्यांत 2,800 रुग्ण व त्यांच्या घरांतील 10,345 माणसे निवडून हा प्रश्न तपासला. अन्नाची शिधा-पिशवी सर्व रुग्णांना मिळाली. रुग्णांच्या घरच्यांचे मात्र दोन गट केले. एका गटाला दरमहा तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटाला दिल्या नाहीत. ऑगस्ट 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अन्न मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले, आणि फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण तर 48 टक्क्यांनी घटले. रुग्णांमध्ये, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही बरेच कमी आढळले.

तांदूळ आणि डाळ यांनी लशीसारखे काम केले, असे म्हटले तरी चालेल. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकारकडून मिळणारी मदत नोव्हेंबर 2024 पासून दरमहा पाचशेवरून हजार रुपये झाली आहे. ती रुग्णाच्या बँक खात्यात जमा होते. आपल्या वस्तीत कोणी क्षयाचा रुग्ण असेल तर ही रक्कम त्याला मिळते काय, त्याचे बँक खाते जोडलेले आहे काय, घरातील इतरांची तपासणी झाली काय, एवढे पाहणे कोणत्याही शिकलेल्या तरुणाला जमण्यासारखे आहे.

३. धाराशिवच्या स्त्रियांनी जगाला दिलेले ज्ञान

गर्भाशयमुखाचा कर्करोग 'एचपीव्ही' या विषाणूमुळे होतो, हे दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण या रोगाची तपासणी गरीब देशांत कशी करावी, या प्रश्नाचे फार मोठे उत्तर मराठवाड्यातून आले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे कर्करोग रुग्णालय व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. गावांचे 52 समूह करून चार गटांत विभागले गेले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या, चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, विषाणूची केवळ एकदा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64 झाले.

चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे वाद झाला आणि तो होणे रास्तच होते. संशोधनात भाग घेणारा माणूस हा साधन नसतो. म्हणूनच ज्या गावांतील स्त्रियांनी हे ज्ञान जगाला दिले, त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत ते पोचलेच पाहिजे.

आता या विषाणूवर लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला 2022 मध्ये परवानगी मिळाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयोगटात एक मात्राही पुरेशी ठरू शकते असे सांगितले. स्कॉटलंडमध्ये 12-13 व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे या कर्करोगाचा एकही रुग्ण आढळला नाही, असे 2024 च्या अहवालात नमूद आहे. तरीही तिशीनंतर तपासणी आवश्यकच आहे. लाजेखातर ती टाळणे जिवावर बेतू शकते.

४. औंढा नागनाथजवळची अतिसूक्ष्म मोजपट्टी

चौथे संशोधन पोटापाण्याचे नाही, पण विद्यार्थ्यांनी ते अवश्य जाणावे. प्रचंड वस्तूंच्या हालचालीने अवकाशात लहरी उठतात, असे भाकीत आइन्स्टाइन यांनी 1916 मध्ये केले. ती प्रत्यक्ष टिपायला 14 सप्टेंबर 2015 हा दिवस उजाडला. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्यांची लहर अमेरिकेतील 'लायगो' या उपकरणाच्या चार किलोमीटर लांब भुजांनी टिपली. त्या भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी पटींनी लहान होता. असा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतींत पुण्याच्या आयुका संस्थेतील प्रा. संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोलाचा वाटा आहे. तशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. भाकीत आणि पुरावा यांत जवळपास शंभर वर्षांचे अंतर होते. तोवर आइन्स्टाइन यांचे नाव मोठे म्हणून कोणी प्रश्न मिटला असे मानले नाही. मोजून पाहिल्यावरच विज्ञानाने होकार दिला.

बातमी कशी वाचावी?

विद्यार्थी मित्रांनो, यापुढे नव्या संशोधनाची बातमी वाचताना पाच प्रश्न विचारा. प्रयोग कोणावर झाला, उंदरावर की माणसावर? किती जणांवर झाला? तुलना कोणाशी केली? दुसऱ्या कोणी तो पडताळून पाहिला काय? आणि त्याची किंमत किती, तो कोणाला परवडेल? सिकलसेलवरील 'व्हॉक्सेलोटर' या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली होती, पण पुढील माहितीत धोके दिसल्याने सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. यावरून विज्ञान खोटे असा अर्थ काढू नये. आपल्याच निष्कर्षावर पुन्हा पुन्हा शंका घेण्याची त्याची पद्धत यातून दिसते. याउलट जो बाबा किंवा जाहिरातवाला शंभर टक्के गुणाची हमी देतो आणि प्रश्न विचारू देत नाही, त्याच्यापासून दूर राहावे.

वरील चार उदाहरणांत एकच धागा आहे. कोट्यवधींचा उपचार आणि तपासणीसाठी घेतलेला रक्ताचा थेंब, चार किलोमीटरची वेधशाळा आणि तांदळाची पिशवी, हे सर्व एकाच शोधक वृत्तीचे फळ आहे. त्यातील काही गोष्टी आपल्या हाताबाहेर आहेत. परंतु रक्ताची तपासणी करून घेणे, शेजारच्या क्षयरुग्णाची विचारपूस करणे, घरातील स्त्रीला तपासणीस सोबत नेणे आणि मुलीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारणे या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. आपल्यासारख्या संस्थांनी वर्षातून एक तरी तपासणी शिबिर भरवावे आणि त्यात पदाधिकाऱ्यांनी आपले नाव पहिल्या क्रमांकावर लिहावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.