साडीची जाहिरात आपल्याला काय शिकवते?

(गटाच्या मासिक बैठकीसाठी अभ्यास पाठ. वेळ : साधारण ४५ मिनिटं. साहित्य : वर्तमानपत्रातल्या कपड्यांच्या दोन-तीन जाहिराती, कापड दुकानाची पिशवी किंवा कॅलेंडर, आणि एखाद्या ताईचा मोबाईल.)



बचत, कर्जवाटप, परतफेड, नोंदवह्या हे विषय आपल्या बैठकीत नेहमी असतात. या अंकाचा पाठ जरा वेगळा आहे. विषय आहे कपड्यांच्या जाहिराती. विषय ऐकल्यावर एका गटात लगेच आवाज आला, "आमाले काय करायचं त्याचं? ते दाखवते, आपण पायतो, झालं!"

पण थोडा विचार करू. लग्नाचा बस्ता बांधायला आपणच जातो. दिवाळीला लेकरांचे कपडे आपणच घेतो. आपल्यातल्या कितीतरी ताया शिलाई करतात, घरून साड्या विकतात, मोबाईलच्या स्टेटसला फोटो टाकतात. म्हणजे जाहिरात पाहणाऱ्या आपण, तिच्यावर पैसा खर्च करणाऱ्या आपण आणि आता जाहिरात करणाऱ्यासुद्धा आपणच. मग ती समजून घ्यायला नको का?

१. साचा म्हणजे काय?

करंजीचा साचा सगळ्यांच्या घरी असतो. आत सारण खोबऱ्याचं भरा नाहीतर रव्याचं, बाहेर करंजी एकसारखीच येते. जाहिरातीतही असे साचे असतात. आतली बाई कशीही असो, बाहेर ठरावीक आकारच दिसतो.

बाईचे साचे आठवून पाहा. एक, नटलेली नवरी. दुसरी, सगळ्यांच्या आवडीनिवडी सांभाळणारी हसरी सून. तिसरी, गोरी आणि बारीक तरुणी, जिच्याकडे सगळे वळून पाहतात. या तिघींपैकी कोणी वावरात दिसते का? बँकेत सही करताना दिसते का? सावळी, जाड, पन्नाशीची, एकटी राहणारी बाई दिसते का? आपल्या गटात तर अशाच बहुतेक जणी आहेत.

पुरुषांचेही साचे आहेत. सुटाबुटातला, गाडीतून उतरणारा, कधी न घाबरणारा, पैशाला कमी नसलेला. हा साचा पुरुषाच्या मानगुटीवर बसतो. 'कर्ता पुरुष रडत नाही, अडचण सांगत नाही' असं लहानपणापासून ऐकलेला माणूस कर्जाचा आकडा घरातही बोलत नाही. आपल्या जिल्ह्यात याची किंमत किती मोठी आहे, ते कोणी कोणाला समजावून सांगायची गरज नाही. हे सगळं एका जाहिरातीमुळे होतं असं नाही. पण रोज दिसणारं चित्र मनात घट्ट बसतं, एवढं नक्की.

२. कापूस कोण वेचतं आणि जाहिरातीत कोण दिसतं?

यवतमाळ जिल्हा कापसाचा. सरकी टोचणं, निंदण, वेचणी ही कामं मुख्यतः बायाच करतात. कमरेला ओटी बांधून, बोंडाचे काटे बोटांना लावून घेत आपण कापूस वेचतो आणि किलोवर मजुरी घेतो. तो कापूस जिनिंगमध्ये जातो, मग सूत, मग कापड. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिम कापडाचा कारखाना आहे. म्हणजे ज्या जीन्सच्या जाहिराती आपली पोरं मोबाईलवर पाहतात, त्या कापडाशी आपल्या जिल्ह्याचं नातं आहे.

पण कपड्याच्या जाहिरातीत बाई दिसते ती फक्त कपडा अंगावर घातलेली. कपड्यामागे राबणारी बाई तिथे नसते. ज्या बाईच्या हातून कापूस घरात येतो, तिला स्वतःच्या साडीसाठी पैसे मागावे लागतात. जाहिरातीतही साडी बहुतेक वेळा नवरा 'आणून देतो'. या दोन गोष्टी एकमेकींना धरूनच चालतात.

३. राग कशाचा आला आणि कशाचा आला नाही?

आता दोन खऱ्या घटना पाहू.

पहिली २००७ ची. अमूल माचो नावाच्या पुरुषांच्या अंतर्वस्त्रांची जाहिरात टीव्हीवर यायची. (दूधवाल्या अमूलशी या कंपनीचा संबंध नाही.) नवी नवरी धुणं धुवायला पाण्यावर जाते, नवऱ्याची चड्डी धुताना लाजते, हावभाव करते आणि बाजूच्या बाया पाहत राहतात. पुष्कळ तक्रारी झाल्या. त्याच वर्षी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ती जाहिरात बंद करायला लावली. कारण होतं असभ्यता.

दुसरी घटना मुंबईची. मे २०१३ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभेत ठराव झाला की दुकानाबाहेर अंतर्वस्त्रं घातलेले पुतळे उभे करायला बंदी घालावी. अशा पुतळ्यांमुळे पुरुषांची नजर बिघडते आणि बायांवर अत्याचार वाढतात, असं ठरावामागचं म्हणणं होतं. त्यावर खूप वाद झाला. पुढेही काही वर्षं ही मागणी अधूनमधून होत राहिली.

दोन्ही ठिकाणी राग आला तो अंग दिसण्याचा. तो राग खोटा होता असं मला म्हणायचं नाही. बाईचं अंग दाखवून माल विकणं चूकच. पण दोन प्रश्न राहून गेले. चड्डीच्या जाहिरातीत नवऱ्याचे कपडे धुणं हे बायकोचंच काम, हे आपण सगळ्यांनी न बोलता मान्य केलं. आणि पुतळ्याच्या वादात दोष नजरेचा होता की पुतळ्याचा? पुतळा झाकला म्हणजे नजर सुधारते का? मग 'पोरीनं अंगभर कपडे घातले असते तर असं झालं नसतं' हे बोलणंही त्याच वाटेने येतं. ज्याने गुन्हा केला तो बाजूला राहतो आणि कपड्यांची चौकशी सुरू होते.

धुण्याचंच बघा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळपास पाच तास, बिनपगारी घरकाम करतात. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा वेळ ९७ मिनिटं, आणि असे पुरुष मुळातच थोडे. ज्या जाहिरातीत सगळ्यांनी भरपूर कपडे घातलेत, पण पाच तासांचा भार हसत हसत बाईवरच टाकलाय, ती आपल्याला 'चांगली, घरंदाज' वाटते. साचा ओळखायला शिकायचं ते इथे.

४. आपल्या गावातले फ्लेक्स

संक्रांत जवळ आली की तालुक्याच्या चौकात फ्लेक्स लागतात. 'सुवासिनींसाठी खास सवलत', 'सौभाग्याचं लेणं'. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण आपल्या गटातली एकल ताई तो फ्लेक्स वाचते तेव्हा तिला काय वाटत असेल? साडीचे पैसे तिचेही तेवढेच चालतात. तरी दुकान तिला सांगतं की हा रंग, हा काठ, हा सण तुझ्यासाठी नाही.

आपल्या जिल्ह्यात नवरा गेल्यावर शेती, कर्ज आणि लेकरं एकटीने सांभाळणाऱ्या ताया गावोगावी आहेत. म्हणून ही बाब आपल्यासाठी छोटी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ग्रामपंचायत ठराव करू शकते, तर गट आपल्या हळदी-कुंकवाला सगळ्या सदस्यांना बोलवू शकतोच. कोणती साडी नेसायची हे मात्र त्या ताईनेच ठरवायचं. तिला साधी आवडत असेल तर ती साधी, भरजरी आवडत असेल तर भरजरी.

५. बदल होतोय का?

होतोय. रेमंडने बरीच वर्षं 'द कम्प्लीट मॅन' म्हणजे परिपूर्ण पुरुष अशी जाहिरात केली. तिच्यातला पुरुष हळवा असतो, लेकराला जवळ घेतो. एका जाहिरातीत तर बायको कामावर निघते आणि तान्ह्या बाळाजवळ बाबा थांबतो. पुरुष बाळ सांभाळून लहान होत नाही, हे त्यातून दिसतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यवर मोहेची लग्नाच्या कपड्यांची जाहिरात आली. तिच्यात आलिया भट नवरी आहे. ती मांडवात विचारते की मुलगी ही दान करायची वस्तू आहे का? आणि कन्यादानाऐवजी 'कन्यामान' म्हणते. काहींना ती फार आवडली, काहींना वाटलं की धर्माच्या विधीवर बोट ठेवलं, आणि बहिष्काराची मागणीही झाली. तुमच्या गटात दोन्ही मतं निघतील. निघू द्या, दोन्ही ऐकून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा : चांगला विचार सांगणारी जाहिरातसुद्धा शेवटी महागडा लेहेंगाच विकत असते. विचार घ्यायचा, पण बस्त्यासाठी कर्ज वाढवायचं नाही!

६. नियम काय सांगतात?

केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत लिहिलं आहे की बाईची हीन प्रतिमा दाखवणारी जाहिरात चालणार नाही, आणि तिला दबून राहणारी, घरात-समाजात दुय्यम अशी दाखवू नये. म्हणजे 'दुय्यम' दाखवण्यालाही नियमात मनाई आहे. १९८६ चा स्त्रियांचे असभ्य प्रदर्शन प्रतिबंध कायदाही आहे.

याशिवाय 'अॅस्की' नावाने ओळखली जाणारी भारतीय जाहिरात मानक परिषद आहे. ती सरकारी नाही, जाहिरात क्षेत्रातल्या लोकांनी १९८५ मध्ये स्वतः स्थापन केली. जून २०२२ मध्ये तिने स्त्री-पुरुषांच्या घातक साच्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बाई स्वयंपाक करताना दाखवायला हरकत नाही, पण ते फक्त तिचंच काम आहे असं सुचवू नये, अशा त्या सूचना आहेत. तिच्याकडे ऑनलाईन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. जाहिरातीचा फोटो, कुठे आणि कधी दिसली, आक्षेप काय, एवढं लिहायचं. आणि सुती सांगून दुसरंच कापड गळ्यात मारलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा. बिल मात्र जपून ठेवा.

७. आता आपली जाहिरात

साडी किंवा ड्रेस विकणाऱ्या तायांनी हे करून पाहावं.

• 'गोऱ्या रंगावर खुलणारी साडी' ऐवजी 'सावळ्या-गोऱ्या सगळ्यांना शोभणारे रंग'.
• 'नवऱ्याला आवडेल अशी' ऐवजी 'तुम्हाला आवडेल अशी'.
• 'सुवासिनींसाठी सवलत' ऐवजी 'सर्व महिलांसाठी सवलत'.
• इंटरनेटवरच्या मॉडेलच्या फोटोऐवजी गटातल्या ताईचा फोटो, तिला विचारून. गिऱ्हाईकालाही खरा रंग, खरी लांबी कळते.
• कापड कोणतं, धुतल्यावर रंग जातो का, किंमत किती, हे स्पष्ट लिहा. विकायला हेच जास्त कामी येतं.

शिलाई करणाऱ्या तायांसाठी आणखी एक. पोरांच्या पँटला दोन-तीन खिसे आणि पोरींच्या ड्रेसला एकही नाही, असं का? पैसे, चावी, मोबाईल काय फक्त पोरांकडेच असतो? वावरात ओटी लागते हे आपल्याला कळतं, तसा पोरीला खिसा लागतो. ड्रेसला, परकराला आतून खिसा लावून 'खिशासह' असं लिहून विका.

चर्चेचे प्रश्न

१. आणलेल्या जाहिरातींत बाई काय करतेय? पुरुष काय करतोय? पैसे कोणाच्या हातात आहेत?
२. आपल्यासारखी बाई त्यात आहे का? नसेल तर का नसेल?
३. 'हे पोराचं, हे पोरीचं' असं म्हणून आपण घरात कोणते कपडे, रंग, कामं वाटतो?
४. घरातलं धुणं कोण धुतं? पुढच्या महिन्यापर्यंत काय बदलता येईल?

कृती

प्रत्येक गटाने एक चांगली आणि एक खटकलेली जाहिरात निवडावी, कारण दोन ओळींत लिहून ग्रामसंघाच्या बैठकीत मांडावं. खटकलेली जाहिरात गावातल्या किंवा तालुक्यातल्या दुकानाची असेल तर चार-पाच जणींनी मिळून दुकानदाराशी शांतपणे बोलावं. आपण त्याचं गिऱ्हाईक आहोत, तो ऐकेल. ठराव झाला तर नोंदवहीत लिहायला विसरू नका.

तुमच्या निवडलेल्या जाहिराती आणि त्यांची कारणं मला क्षेत्रभेटीच्या वेळी द्या. निवडक पुढच्या अंकात छापू.

आपली,
क्षेत्र समन्वयक