आईला कुठे ठेवायचे? वृद्धाश्रमाची निवड आणि आपले कर्तव्य



रविवारची मिस्सा संपते, लोक पांगतात आणि चर्चच्या पायरीपाशी एखादा मुलगा रेंगाळत राहतो. जवळ येऊन हळूच विचारतो, "फादर, आईचं आता घरी होत नाही. एखादं चांगलं ठिकाण माहीत आहे का?" विचारताना तो आजूबाजूला पाहतो, कारण कोणी ऐकले तर गावात काय म्हणतील ही भीती असते. असे विचारणारे आता बरेच झाले आहेत. मुले नोकरीसाठी पुण्याला, नाशिकला, मुंबईला आहेत. गावात राहिलेल्या सुनेची स्वतःची पन्नाशी उलटली आहे. म्हणून या विषयाचा आज आपण उघडपणे अभ्यास करू.

१. शब्दांचा घोळ

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे डॉक्टरांचे छोटे खासगी हॉस्पिटल. त्याची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. तेथे माणूस बरा होऊन घरी परतावा म्हणून दाखल होतो. 'वृद्धाश्रम' म्हणजे वृद्धांचे राहण्याचे ठिकाण. बहुतेक वृद्धाश्रमांत स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश मिळतो. तिसरा प्रकार अंथरुणाला खिळलेल्यांची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या शुश्रूषा केंद्राचा. तालुक्याच्या गावात हा तिसरा प्रकार फार थोडा असतो. कधी एखाद्या बंगल्यात, कधी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर चालतो. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना आम्हाला सांगत की व्याख्या चुकली की पुढचे सगळे चुकते. येथेही तसेच आहे. चालत्याफिरत्या लोकांच्या आश्रमात अंथरुणावरचा माणूस ठेवला, तर आश्रम कितीही चांगला असो, त्या माणसाचे हाल होतात.

२. आमची चूक

हे आम्ही अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाला आम्हीच एक ठिकाण सुचवले होते. नाताळात तरुणांना घेऊन आम्ही तेथे गाणी म्हणायला गेलो होतो. फरशी चकचकीत, भिंतीला तारे, म्हाताऱ्यांच्या अंगावर नवे कपडे. आम्हाला वाटले, यापेक्षा चांगले काय असणार? आजींना अर्धांगवायू झालेला होता, कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागे. चार महिन्यांनी आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार देण्यासाठी आम्हाला बोलावले तेव्हा त्यांच्या माकडहाडापाशी हाताचा तळवा मावेल एवढी जखम होती. रात्री पंचवीस माणसांमागे एकच मावशी असते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आम्ही तो प्रश्न कधी विचारलाच नव्हता. मुलाने आम्हाला दोष दिला नाही, पण आम्ही स्वतःला देतो. हा लेख त्या जखमेतून आला आहे.

३. आधी गरज ओळखा

ठिकाण शोधण्यापूर्वी घरी बसून सहा गोष्टी लिहून काढा: आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, खाटेवरून उठून खुर्चीवर बसणे, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. यांपैकी किती गोष्टींना मदत लागते? एक-दोन असतील, तर सकाळ-संध्याकाळ येणारी बाई, संडासात धरायला दांडा आणि शेजाऱ्यांची साथ एवढ्यावर घरीच भागू शकते. चार-पाच असतील, तर साधा वृद्धाश्रम पुरणार नाही. विसरभोळेपणा वाढून माणूस घराबाहेर निघून जात असेल, तर त्याची वेगळी नोंद करा. अशा माणसाकडे सतत लक्ष द्यावे लागते.

यात मुख्य गोष्ट राहून जाते. आईला विचारा. तिच्यासमोर तिच्याविषयी ठरवायचे आणि तिलाच विचारायचे नाही, ही आपली जुनी सवय आहे. तिला निर्णय समजत असेल, तर तिला सोबत नेऊन ठिकाण दाखवा आणि आधी आठ-पंधरा दिवस राहून पाहता येते का ते विचारा.

४. पाहायला गेल्यावर

एकदा सांगून जा आणि एकदा न सांगता जा. दुसरी भेट रात्रीच्या जेवणाच्या वेळी असावी. दारात लघवीचा वास येतो का? येत असेल, तर कपडे वेळेवर बदलले जात नाहीत. खाटेला कोणाचे हात बांधलेले आहेत का? जेवण भरवणारी व्यक्ती घास गिळेपर्यंत थांबते का? जो स्वतः उठू शकत नाही, त्याच्या हाताशी पाणी आहे का?

मग विचारा. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी असतात? त्यांच्यात प्रशिक्षित नर्स आहे की सगळ्या आया? गोळ्या कोण देते, त्याची वही आहे का? ती वही पाहायला मागा. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते; ते कोण करते? डॉक्टर किती दिवसांनी येतात? रात्री छातीत दुखू लागले, तर १०८ ची गाडी यायला किती वेळ लागतो आणि सोबत कोण जाते? चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही.

शेवटी तेथे राहणाऱ्या एखाद्या आजोबांपाशी पाच मिनिटे एकटे बसा. माहितीपत्रकात नसते ते त्यांच्याकडून कळते.

५. पैसा आणि कागद

दरमहा रकमेत काय येते आणि काय येत नाही, हे लेखी घ्या. डायपर, औषधे, डॉक्टरांची फी, जादा मदतनीस यांचा खर्च बहुधा वेगळा असतो आणि तोच पुढे जड जातो. अनामत रक्कम कधी परत मिळते, माणूस मध्येच वारला किंवा घरी नेला तर काय, हे करारात असू द्या. प्रत्येक रकमेची पावती घ्या. संस्थेच्या नावाने घर किंवा जमीन लिहून द्या, असे कोणी सुचवले, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

मुलांच्या नावे जमीन करणाऱ्या आईवडिलांनीही सावध राहावे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा २००७ मध्ये झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, त्याच्या कलम २३ खाली परत मिळवता येते. म्हणून ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. मुले लक्ष देत नसतील, तर प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम मंजूर होऊ शकते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

६. जवळचे की मोठे?

शहरात सोयी जास्त आणि गावाजवळ कमी, हे खरे आहे. पण आमचा अनुभव असा की ज्या म्हाताऱ्या माणसाकडे दर आठवड्याला कोणीतरी येते, त्याची चादर आधी बदलली जाते. दीडशे किलोमीटरवरच्या उत्तम खोलीत वर्षातून दोनदा भेटायला जाणार असाल, तर वीस किलोमीटरवरच्या साध्या खोलीचा विचार करा. मात्र चोवीस तास नर्स लागत असेल, तर ती जेथे आहे तेथेच जावे लागेल. मग भेटीच्या पाळ्या भावंडांनी आधीच वाटून घ्याव्यात.

७. हे पाप आहे का?

पायरीवरच्या त्या मुलाला खरे तर हेच विचारायचे असते. संत मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात प्रभू येशू काही लोकांची कानउघाडणी करतो. आपले धन देवाला वाहिले आहे, 'कोर्बान' आहे, असे सांगून ते आईवडिलांची जबाबदारी टाळत. दर महिन्याला संस्थेच्या खात्यात पैसे भरले, आता माझे काम संपले, असे म्हणणे हे आजचे कोर्बान आहे.

दुसरीकडे संत योहानच्या शुभवर्तमानात क्रुसावरचा येशू स्वतःच्या आईला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवतो. तिला स्वतः सांभाळणे आता त्याला शक्य नव्हते, म्हणून त्याने विश्वासाचा माणूस निवडला आणि शिष्य तिला आपल्या घरी घेऊन गेला. म्हणजे सोपवणे वेगळे आणि टाकणे वेगळे. ज्याला सोपवले त्याला आपण ओळखतो का आणि सोपवल्यावर आपण पुन्हा जातो का, यावरून तो फरक कळतो. जी सून रात्री-अपरात्री उठून थकली आहे, तिच्यावर बोट ठेवण्याआधी आपण तिच्या घरी एक दुपार बसून तिला झोपू दिले का, हे धर्मग्रामाने स्वतःला विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत अंथरुणाला खिळलेले किती वृद्ध आहेत? त्यांच्याकडे शेवटचे कोण गेले होते?
२. आपल्या आईवडिलांशी त्यांच्या म्हातारपणाविषयी आपण कधी मोकळेपणाने बोललो आहोत का?
३. जुलैच्या चौथ्या रविवारी, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन असतो. त्या दिवशी हार-फुलांऐवजी आपला गट वर्षभराच्या भेटींचा तक्ता तयार करील का?

ज्यांना ठिकाण पाहायला जायचे आहे, त्यांनी आम्हाला सांगावे. आम्ही सोबत येऊ, आणि या वेळी रात्री येऊ.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू