आर्मेचरवर आळ शेवटी

भाच्या, मुरबाडचं दुकान आता तू बघणार. चार गोष्टी कानात ठेव.

म्हसा यात्रेत बैल घेणारा आधी जनावर चालवून बघतो, मग दात. बंद पडलेल्या ग्राइंडरकडेही तसंच बाहेरून आत जायचं. प्लग, केबल, स्विच, कार्बन, फील्ड आणि सगळ्यात शेवटी आर्मेचर.

उघडण्याआधी पिन काढून स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेव. बोर्डाच्या बटणावर विसंबू नको. बटण न्यूट्रलवर जोडलेलं मी कितीदा पाहिलंय.

मशीन मुकंच असेल, तर मीटर ओहमवर लाव आणि पिनेच्या दोन्ही टोकांना टेकवून ट्रिगर दाब. थोडे ओहम दाखवले, तर वाट सलग आहे. काहीच नाही दाखवलं, तर केबल मुठीपाशी हलव. तिथेच ती रोज वाकते, तिथेच आतून तुटते.

मधेच थांबत असेल, तर कार्बन बघ. बदलायचे तर जोडीनं, आणि होल्डरमध्ये ते मोकळे सरकले पाहिजेत. बारीक निळी ठिणगी चालते. कॉम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरलं, तर मात्र आर्मेचरवर संशय घे. कॉम्युटेटर झिरो नंबरच्या काचपेपरनं पूस. एमरी वापरू नको, तिच्या पुडीतून करंट वाहतो.

फार्महाऊसच्या साइटवरचं मशीन ‘जोर लागत नाही’ म्हणून आलं, तर आधी वायर किती लांब ओढली होती ते विचार. एक स्क्वेअर एमएमच्या पन्नास मीटर वायरीतून 6 अँपिअर गेले, की अकराएक व्होल्ट वाटेतच संपतात. वरून गावचा व्होल्टेज आधीच कमी. रिकाम्या बोर्डावर 230 दिसतील, त्यात समाधान मानू नको. मशीन चालू असताना, वायरीच्या शेवटच्या टोकाला मोज. जोर कमी पडला की कारागीर आणखी दाबतो. फेरे घटतात, करंट वाढतो, आणि पंखा त्याच शाफ्टवर असल्यानं वाराही घटतो. आर्मेचर जळतं ते असं. दमलेलं मशीन अर्धा मिनिट रिकामं फिरवून मग बंद करायला सांग.

माहुली गडावर ढग बसले की शहापूरकडून ओल धरलेली मशीनं येतात. झटका बसतो म्हणाले, तर पिन आणि लोखंडी बॉडी यांच्यात मीटर लाव. काटा हलला, तर सुकवून पुन्हा तपासल्याशिवाय परत देऊ नको. चौकोनात चौकोन छापलेल्या मशीनला दोन पिना चालतात. तो छाप नसलेल्या लोखंडी बॉडीची अर्थिंग पिन कुणी कापली असेल, तर आधी ती बसव.

उमेदीच्या काळात एका सुताराला मी न तपासताच ‘आर्मेचर गेलं’ म्हणून सांगितलं. त्यानं उसने पैसे आणले. उघडलं तर केबल तुटलेली. पैसे परत केले, पण त्याची नजर आजही आठवते. तेव्हापासून काढलेला भाग मी कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. तूही देत जा.